खुल्या दाराला उंबरठा हवा का?

'आचारसंहिता' हा शब्द मराठी वाचकाच्या कानावर पडतो तो बहुधा निवडणुकीच्या हंगामात. आचारसंहिता लागली की उद्घाटने थांबतात, कोनशिला झाकल्या जातात, भिंतींवरच्या घोषणा पुसल्या जातात. आणि ती उठली की सारे पूर्ववत होते. त्यामुळे या शब्दाला आपल्याकडे तात्पुरतेपणाचा आणि किंचित थट्टेचाही वास चिकटला आहे. याउलट नुसत्या 'आचार' या शब्दाचा इतिहास जड आहे. सोवळे-ओवळे, कुणाच्या हातचे खावे, कुणाची सावली टाळावी हे सारे एके काळी आचारातच मोडत होते. एकीकडे तात्पुरता सरकारी आदेश आणि दुसरीकडे धर्मशास्त्राचा बोजा, अशा दोहोंच्या मध्ये सापडलेला हा शब्द गेल्या दहा-पंधरा वर्षांत संगणकाच्या जगातल्या एका मोठ्या वादाचा विषय होऊन बसला आहे. ओपन सोर्स म्हणजे मुक्तस्रोत आज्ञावली घडवणाऱ्या समुदायांना आचारसंहिता असावी की नसावी, असा तो वाद आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना या वादाशी काय कर्तव्य, असे कुणी विचारील. आमचे उत्तर असे की, मराठी भाषेचे संगणकावरचे अस्तित्व बऱ्याच अंशी अशाच समुदायांनी घडवले आहे. मराठी विकिपीडिया २००३ च्या मे महिन्यात सुरू झाला आणि आजवर तो स्वयंसेवकांच्याच बळावर उभा आहे. 'लोहित' नावाचे देवनागरी टंक खुल्या परवान्याखाली उपलब्ध झाल्यामुळे अनेकांना फुकटात मराठी वाचता-लिहिता आले. लिनक्सवरच्या पडद्यांवर 'जतन करा', 'रद्द करा' अशी जी मराठी दिसते, तीही कुणीतरी बसून, शब्दाशब्दावर वाद घालून लिहिलेली आहे. हे काम पगारी अधिकाऱ्यांनी केले तेवढेच हौशी माणसांनी केले. उद्या ते पुढे न्यायचे असेल तर शिरूरच्या किंवा दौंडच्या महाविद्यालयात मराठी घेऊन बी. ए. करणारी मुलगी त्यात यायला हवी. ती येईल की नाही, आणि आली तर टिकेल की नाही, हा या वादाचा आमच्या दृष्टीने गाभा आहे.

आधी विरोधकांची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ती हलकी नाही. पहिला मुद्दा गुणवत्तेचा. आज्ञावली चालते किंवा चालत नाही. ती लिहिणारा गोड बोलतो की तिखट, याच्याशी यंत्राला देणेघेणे नाही. मग कामाच्या जागी वागणुकीचे मोजमाप कशाला? दुसरा मुद्दा स्वातंत्र्याचा. माणसे आपखुशीने, फावल्या वेळात, कुणाच्या हुकमाविना जिथे येतात, तिथे कलमे आणि पोटकलमे लावली की तो आनंद मावळतो. तिसरा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. संहिता हे शस्त्र आहे आणि शस्त्र ज्याच्या हाती पडेल त्याचे. आज दुबळ्याच्या रक्षणासाठी लिहिलेला नियम उद्या नको असलेल्या माणसाला हुसकावण्यासाठी वापरला जाणार नाही, याची हमी कोण देणार? साहित्यव्यवहारात अश्लीलतेच्या आणि भावना दुखावल्याच्या आरोपांचे काय होते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या भीतीची टिंगल करता येणार नाही.

वादाचा इतिहासही थोडक्यात पाहू. १९९१ साली सुरू झालेल्या लिनक्सच्या गाभ्याचे प्रमुख लिनस टोरवाल्ड्स हे त्यांच्या प्रतिभेइतकेच त्यांच्या जिव्हारी लागणाऱ्या भाषेसाठी प्रसिद्ध होते. या समुदायाने २०१५ मध्ये एक छोटासा मसुदा स्वीकारला आणि त्याचे नावच मोठे बोलके होते: 'कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट', म्हणजे संघर्षसंहिता. तुमच्या कामाची कठोर चिकित्सा होणारच, असे बजावून त्यात पुढे म्हटले होते की कुणाला वैयक्तिक अवहेलना झाली असे वाटल्यास त्याने तक्रार करावी. तीन वर्षांनी, सप्टेंबर २०१८ मध्ये, ही संहिता बाजूला सारून रीतसर आचारसंहिता आणली गेली. त्याच सुमारास टोरवाल्ड्स यांनी आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागून काही आठवडे कामातून रजा घेतली आणि ऑक्टोबरमध्ये ते परतले. लिनक्सने घेतलेला मसुदा 'कॉन्ट्रिब्यूटर कव्हनंट' या नावाने ओळखला जातो. कोरालाइन एडा एमके यांनी तो २०१४ साली तयार केला आणि पुढे असंख्य प्रकल्पांनी तो जसाच्या तसा उचलला. त्यावर अतोनात भांडणे झाली. काही नावाजलेले कार्यकर्ते संहिता आली म्हणून प्रकल्प सोडून गेले. काही ती आली नाही म्हणून आधीच गेलेले होते. या दुसऱ्या गटाची मोजदाद मात्र कुणाकडे नसते, कारण दारातून परत फिरलेल्या माणसाची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

संहितेला विरोध करणारे बरेचदा एका जुन्या रूपकाचा आधार घेतात. एरिक रेमंड यांनी १९९७ साली 'द कॅथीड्रल अँड द बझार' हा निबंध सादर केला. थोरल्या चर्चची इमारत मोजक्या वास्तुविशारदांच्या आराखड्याबरहुकूम उभी राहते. बाजार मात्र गलबल्यातून, प्रत्येकाच्या येण्याजाण्यातून आपोआप भरतो. मुक्तस्रोत आज्ञावली ही बाजारासारखी आहे, असे त्यांचे म्हणणे. 'बझार' हा शब्द इंग्रजीत पूर्वेकडूनच गेलेला आहे, तेव्हा त्या रूपकाची तपासणी करण्याचा अधिकार आपल्याला थोडा अधिक आहे असे आम्ही मानतो. भीमा आणि घोड नद्यांच्या काठच्या गावांतला आठवडे बाजार ज्याने पाहिला आहे, त्याला बाजार आपोआप भरतो हे विधान भाबडे वाटेल. कुणाचे पाल कुठे पडणार, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेले असते. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदा होतो. बोटांची ती भाषा दलालाला येते, व्यापाऱ्याला येते. नवऱ्याच्या पश्चात एकटीने गाय विकायला आलेल्या बाईला येत नाही. म्हणजे नियम तिथेही आहेत. ते लिहिलेले नाहीत इतकेच, आणि न लिहिण्याचा फायदा कुणाला होतो हेही उघड आहे. शेतमालाच्या खरेदी-विक्रीचे नियमन करण्यासाठी महाराष्ट्राने १९६३ साली बाजार समित्यांचा कायदा केला. उघड लिलाव आणि चोख वजनमाप यांचा आग्रह धरण्यामागे झाकलेला हात उघडा करण्याचीच प्रेरणा होती. पुढे समित्यांचे राजकारण झाले हे खरे. तरी रुमाल परत आणावा असे त्यावर कुणी सुचवत नाही.

अमेरिकन स्त्रीवादी लेखिका जो फ्रीमन यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी 'द टिरनी ऑफ स्ट्रक्चरलेसनेस' या निबंधात नेमके हेच दाखवले होते. ज्या गटाला रचना नाही असे म्हटले जाते, त्याला रचना असतेच. फक्त ती मित्रमंडळींच्या आत दडलेली असते आणि म्हणून तिला जाब विचारता येत नाही. तेव्हा संहिता हवी की नको हा प्रश्नच थोडा चुकीचा मांडला गेला आहे, असे आम्हांला वाटते. संहिता प्रत्येक समुदायाला असतेच. ती नवागताला वाचता यावी की केवळ जुन्यांना पाठ असावी, एवढाच पर्याय आपल्या हाती असतो.

मग ती कशी असावी? याची उदाहरणे शोधायला फार लांब जाण्याचे कारण नाही. शिरूर तालुक्यातले पाबळ हे गाव इतिहासाच्या वाचकांना मस्तानीच्या समाधीमुळे माहीत असते. पण याच गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून आलेल्या या शास्त्रज्ञाची धारणा अशी होती की, शाळेत न रमलेली मुले हातांनी काम करता करता उत्तम शिकतात. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने तिथे 'फॅब लॅब' उभी राहिली. संगणकाच्या साह्याने जवळजवळ काहीही घडवता येईल अशा या कार्यशाळांचे जाळे पुढे जगभर पसरले. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या कार्यशाळांत पाबळची गणना होते. या जाळ्याची 'फॅब चार्टर' नावाची एक सनद आहे, जेमतेम पानभराची. तिच्यात वापरणाऱ्याच्या जबाबदाऱ्या तीन सांगितल्या आहेत: माणसांना आणि यंत्रांना इजा होऊ न देणे, कार्यशाळा स्वच्छ ठेवण्यास, सांभाळण्यास व सुधारण्यास हातभार लावणे, आणि आपण शिकलो ते नोंदवून इतरांना शिकवणे. तिथे घडवलेल्या वस्तूवर धंदा करायला मुभा आहे, पण त्या धंद्याने इतरांच्या वापराआड येऊ नये, आणि रचना इतरांना शिकण्यासाठी उपलब्ध राहावी, अशी अपेक्षा आहे.

या सनदेतली एक गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. ती निषेधांपेक्षा कर्तव्यांच्या भाषेत बोलते. 'शिव्या देऊ नका' यापेक्षा 'जे शिकलात ते शिकवा' हे वाक्य समुदायाला अधिक जवळ आणते. परंतु तिची मर्यादाही इथेच आहे. कुणी कर्तव्य टाळले, कुणी दुसऱ्याला दुखावले, तर पुढे काय, याचे उत्तर तीन ओळींच्या यादीत मिळत नाही. एका छपराखाली समोरासमोर काम करणाऱ्यांना ते कदाचित लागतही नसेल. हजारो मैलांवरून, एकमेकांचे तोंडही न पाहता काम करणाऱ्यांना मात्र ते लागते.

त्याचे उत्तर आपल्या परंपरेत आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती वाटेल, पण आहे. तुकोबांची पालखी दरवर्षी दौंड तालुक्यातून जाते. यवत आणि वरवंड हे तिचे मुक्काम. बाहेरून पाहणाऱ्याला वारी म्हणजे माणसांचा मुक्त लोंढा वाटतो. प्रत्यक्षात दिंड्यांना क्रमांक असतात, रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो, चालण्याची आणि विसाव्याची शिस्त असते. शेजारच्या वाटेने सासवड-जेजुरीकडून जाणाऱ्या ज्ञानोबांच्या पालखीला एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी घालून दिलेली शिस्त तर प्रसिद्धच आहे. त्या सोहळ्यात मुक्कामी पोचल्यावर समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावून पुकारा करतो आणि क्षणात सारे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणे ऐकून घेतो, ते मिटते आणि त्यानंतर आरती होते.

या रीतीत तीन गोष्टी सामावल्या आहेत. तक्रार कशी करायची हे सर्वांना ठाऊक आहे. ती सगळ्यांदेखत नोंदवली जाते आणि तक्रारकर्त्याला उद्धट ठरवले जात नाही. आणि तिची दखल घेतल्याविना समुदायाचे मुख्य कार्य पुढे सरकत नाही. एखाद्या आधुनिक संहितेच्या मसुदाकाराने याहून अधिक काय मागावे? तीत एक उणीव आहे हेही मान्य केले पाहिजे. गाऱ्हाणे दिंडीचे असते. दिंडीच्या आत एखाद्या वारकऱ्यावर अन्याय झाला, किंवा चोपदाराबद्दलच तक्रार असली, तर त्याने टाळ कुठे वाजवायचा? म्हणून आजच्या समुदायात एकट्या माणसाला, नाव उघड न करताही, दाद मागता आली पाहिजे, एवढी भर आपण घातली पाहिजे.

आता गुणवत्तेच्या मुद्द्याकडे वळू. ज्या इंग्रजी शब्दाचा या वादात जप चालतो, तो 'मेरिटॉक्रसी' हा शब्द मायकेल यंग यांनी १९५८ साली एका उपरोधिक पुस्तकातून रूढ केला. गुणवत्तेच्या नावाखाली नवी उतरंड कशी तयार होते, हे त्यांना दाखवायचे होते. उपरोध विसरला गेला आणि शब्द ब्रीद होऊन बसला. गुणवत्ता मोजायची तर ती दारापर्यंत आलेल्यांचीच मोजता येते. न आलेल्यांचे काय? दौंड तालुक्यातल्याच केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. १९२२ साली त्यांचे निधन झाले आणि १९२४ साली ते संपूर्ण प्रसिद्ध झाले. त्याची जुळणी आणि छपाई मिशनमधल्या स्त्रियांनी केली. विधवा, परित्यक्ता, दुष्काळात उघड्यावर आलेल्या मुली अशा या स्त्रिया होत्या. त्यांच्या हातांत हे कौशल्य आधीपासून असण्याची शक्यताच नव्हती. आधी सुरक्षित जागा मिळाली, मग शिक्षण, मग कौशल्य. हा क्रम उलटा करून 'आधी गुण दाखवा, मग सभ्यतेने वागू' असे म्हटले असते, तर त्या छापखान्यात खिळे जुळवायला कोण आले असते?

एवढे सांगूनही केवळ मसुदा लिहून भागत नाही, हे विरोधकांचे म्हणणे आम्हांला मान्य आहे. एसक्यूलाइट या प्रसिद्ध प्रकल्पाकडे ग्राहक आचारसंहिता मागू लागले, तेव्हा त्याच्या प्रमुखांनी संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातल्या मठनियमांतली सत्तरांहून अधिक वचने लावून टाकली. त्यात ईश्वरावर प्रेम करण्यापासूनचे सारे काही होते. २०१८ मध्ये त्यावर गदारोळ झाला आणि पुढे त्या मजकुराचे नाव बदलून 'नीतिसंहिता' केले गेले. मराठीच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. महानुभावांच्या सूत्रपाठातही 'आचार' हे प्रकरण आहेच. पण पंथात राहण्यासाठीचे आचार एक, आणि भिन्न श्रद्धांच्या माणसांनी एकत्र काम करण्यासाठीचे नियम वेगळे. पहिल्यात माणसाचे अंतःकरण घडवायचे असते. दुसऱ्यात फक्त त्याचा दुसऱ्याला होणारा उपद्रव रोखायचा असतो. म्हणूनच 'आचारसंहिता' या शब्दापेक्षा 'वर्तनसंहिता' हा शब्द आम्हांला अधिक बरा वाटतो. मनात काय आहे याची चौकशी तिने करू नये.

अंमलबजावणीचे म्हणाल तर निवडणुकीच्या आदर्श आचारसंहितेचेच उदाहरण घ्या. १९६० साली केरळात तिची सुरुवात झाली. ती संसदेने केलेला कायदा नाही. पक्षांच्या संमतीवर ती उभी आहे. अनेक वर्षे तिची फारशी पत्रास कुणी ठेवली नाही. १९९० च्या अखेरीस टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त झाले आणि तीच संहिता एकाएकी भारी पडू लागली. फरक मजकुरात नव्हता, ती राबवणाऱ्याच्या कण्यात होता. पण राबवणाऱ्यालाही प्रश्न विचारणारे कुणी हवे. रस्ट या भाषेच्या समुदायात नोव्हेंबर २०२१ मध्ये संहिता राबवणाऱ्या गटाने एकत्र राजीनामा दिला. त्यांचा आक्षेप असा की, सर्वांत वरचे मंडळ स्वतःला कुणालाच उत्तरदायी मानत नाही. जी संहिता संस्थापकाला लागू होत नाही, ती संहिता नव्हे, तो नवागतांसाठीचा दमदाटीचा फलक होय. शस्त्र होण्याच्या भीतीवरही आम्हांला हाच उपाय दिसतो: नियम थोडे असावेत, आरोपीचे म्हणणे ऐकले जावे, निर्णयाची कारणे लिहून द्यावीत, आणि निर्णयावर पुन्हा दाद मागता यावी.

शेवटी, या संहिता परक्या आहेत या आक्षेपाविषयी. आक्षेपात तथ्य होते. लिनक्सने घेतलेल्या मसुद्यात वंश, लिंग, धर्म यांचा उल्लेख होता, जातीचा नव्हता. २०२१ साली निघालेल्या 'कॉन्ट्रिब्यूटर कव्हनंट'च्या २.१ या आवृत्तीत तो आला. विकिमीडिया प्रतिष्ठानाने त्याच वर्षी जाहीर केलेल्या सार्वत्रिक आचारसंहितेतही, कशावरून कुणाचा अपमान करू नये याच्या यादीत जात आहे. परका मसुदा आपला कसा होतो, याचे हे उदाहरण आहे. त्यात आपला अनुभव घालावा लागतो. अजून एक अनुभव घालायचा राहिला आहे, आणि तो आपल्या क्षेत्राचा आहे. मराठीत काम करणाऱ्या नवागताला हिणवण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे त्याची भाषा. कुणी 'पाणी'चे 'पानी' लिहिले, ऱ्हस्व-दीर्घ चुकले, की नोंदीतला मजकूर बाजूला राहतो आणि 'आधी मराठी शिका' असे सुनावले जाते. चूक दुरुस्त करणे हे संपादन आहे. चुकीवरून माणसाचे गाव, जात आणि शाळा ओळखल्याचा आव आणणे ही अवहेलना आहे. या दोहोंमधली रेघ कुठे आहे, हे संगणकतज्ज्ञ सांगू शकणार नाहीत. तो भेद शिकवणे हा आपल्या व्यवसायाचा भाग आहे, आणि म्हणून मराठी समुदायांच्या संहिता लिहिताना साहित्याच्या अध्यापकांनी दूर राहू नये.

आमचे मत म्हणूनच स्पष्ट आहे. मुक्तस्रोत समुदायांना वर्तनसंहिता हवी. ती पानभराची असावी, मराठीत असावी, तिने कर्तव्ये आधी आणि निषेध नंतर सांगावेत, गाऱ्हाण्याची वाट दाखवावी आणि ती सर्वांत ज्येष्ठ माणसालाही लागू असावी. उंबरठ्यामुळे दार बंद होत नाही. आपण घरात पाऊल टाकतो आहोत, एवढे तो येणाऱ्याला कळवतो, आणि घरातल्यांनाही.